तयार नळी की मापाने वळवलेली नळी?
(तांत्रिक विभागाकडून)



गेल्या अंकात आपण पास्कलचा नियम पाहिला. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हे तुम्ही दोन सिरिंज आणि सलाइनच्या नळीचा प्रयोग करून पाहिलेत. तेव्हा नववीच्या एका मुलीने विचारले होते, "सर, मधली नळीच फुटली तर?" त्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहून गेले होते. हा लेख त्यासाठी.

शाळेच्या कार्यशाळेत उभी असलेली जुनी जीप तुम्हां सर्वांना माहीत आहे. एका माजी विद्यार्थ्याने ती शिकवण्यासाठी म्हणून शाळेला दिली. तिच्यात बसून आम्ही तिघे शिक्षक एकदा जांबोटी, कणकुंबीमार्गे साखळीला एका कार्यक्रमासाठी निघालो होतो. चोर्ला ओलांडून केरीच्या बाजूला उतरताना एका वळणावर गाडी चालवणाऱ्या मामांनी ब्रेक दाबला आणि पेडल सरळ खाली टेकले. पुन्हा पुन्हा दाबून पाहिले, उपयोग नाही. मामा जुने जाणते. त्यांनी गिअर उतरवत दुसऱ्यावर आणला, हॅण्डब्रेक ओढला आणि डोंगराकडच्या चरात डाव्या बाजूची चाके घातली. जीप थांबली. आम्ही खाली उतरलो तेव्हा बोलायला कोणाच्याच तोंडून शब्द फुटेना.

हॅण्डब्रेकने वाचवले कारण या जुन्या जीपमध्ये त्याचा ड्रम चाकांवर नसतो. तो ट्रान्स्फर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर असतो आणि तारेने ओढला जातो. ब्रेक ऑइलशी त्याचा काही संबंध नाही. पायाचा ब्रेक मात्र सगळा एकाच मास्टर सिलिंडरवर आणि त्या सिलिंडरच्या एकाच कप्प्यावर चालतो. हल्लीच्या गाड्यांत दोन स्वतंत्र कप्पे असतात, एक गेला तरी दुसऱ्यावर निम्मा ब्रेक राहतो. आमच्या जीपला ती सोय नाही. चारपैकी कोणत्याही एका चाकाकडे जाणारी नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक गेला.

गाडीखाली वाकून पाहिले तर दोष लगेच दिसला. मागे जाणारी पोलादी नळी पूर्वी कधीतरी गंजली असावी. कोणीतरी तिचा वीतभर तुकडा कापून त्या जागी तांब्याची नळी घातली होती आणि दोन्ही टोकांना पितळी कडी दाबून बसवणारे सांधे लावले होते. पाण्याच्या किंवा गॅसच्या नळीला चालतात तसे. त्यांपैकी एका सांध्यातून नळी निसटून बाहेर आली होती. दुरुस्ती करणाऱ्याला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. त्या दिवशी गाडी चालू करून द्यायची एवढेच त्याच्यासमोर असणार. पण नवीन नळ्या घालायला घेतल्या तेव्हा आमच्यासमोर प्रश्न उभा राहिला की आता तयार वळवलेल्या नळ्या आणायच्या, की सरळ नळी आणून मापाने स्वतः वळवायची?

आधी दाबाचा हिशेब

पाय पेडलवर ३०० न्यूटन जोर लावतो असे धरा, म्हणजे साधारण ३० किलो वजनाइतका. पेडलची तरफ पाचपट असेल तर मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर १५०० न्यूटन पडतात. दट्ट्याचा व्यास एक इंच, म्हणजे २५.४ मिमी, तर क्षेत्रफळ सुमारे ५०७ चौरस मिमी. भागाकार केला की दाब येतो जवळजवळ ३ न्यूटन प्रति चौरस मिमी, म्हणजे ३० बार. हा रोजचा ब्रेक. समोर अचानक म्हैस आली तर माणूस ७०० न्यूटन सहज लावतो आणि दाब ७० बारच्या आसपास जातो. मोटारीच्या टायरमध्ये साधारण २ बार असतात, म्हणजे हा त्याच्या पस्तीसपट झाला.

मग एवढ्याने नळी फुटते का? ब्रेकची नेहमीची नळी बाहेरून ३/१६ इंच, म्हणजे ४.७६ मिमी असते. तिची भिंत सुमारे ०.७१ मिमी, म्हणून आतला व्यास ३.३४ मिमी. दाब गुणिले आतला व्यास, भागिले भिंतीच्या जाडीची दुप्पट, हे सूत्र वापरले की भिंतीतला ताण १६.५ न्यूटन प्रति चौरस मिमी येतो. या कामासाठी वापरतात ते मऊ पोलाद १७० च्या पुढे जाईपर्यंत कायमचे ताणले जात नाही. म्हणजे दहापट जागा शिल्लक आहे! चांगली नळी दाबाने फुटत नाही. ती गंजाने खाल्ली जाते, पाटे-स्प्रिंगच्या बोल्टला घासून पातळ होते, थरथरीने चिरते, किंवा टोकाशी सुटते. म्हणून नळी निवडताना मजबुतीपेक्षा तिचा मार्ग, तिचे टोक आणि तिचा धातू या तीन गोष्टी पाहाव्या लागतात. तयार की मापाची, हा प्रश्नही याच तीन गोष्टींवर सुटतो.

तयार नळी म्हणजे काय?

रेडिमेड शर्ट आणि शिंप्याकडे माप देऊन शिवलेला शर्ट यांतला फरक इथेही आहे. कारखान्यात एका ठरावीक मॉडेलची नळी यंत्रावर ठरलेल्या लांबीची कापतात, ठरलेल्या जागी ठरलेल्या कोनात वळवतात, दोन्ही टोके फुलवतात, नट आधीच घातलेले असतात आणि जिथे दगड लागण्याची शक्यता तिथे स्प्रिंगसारखे चिलखतही चढवलेले असते. गाडी मूळ स्थितीत असेल तर ती नळी जुन्या जागी जशीच्या तशी बसते. टोके यंत्राने केलेली असल्याने सारखी आणि विश्वासाची असतात, नवशिक्याचा हात तिथे लागतच नाही. तुमच्या घरची गाडी अलीकडची असेल आणि तिची ब्रेक नळी गंजली असेल तर दुसरा विचारच करू नये. त्या मॉडेलची, त्या सालची तयार नळी मागवावी.

अडचण येते ती गाडी मूळ स्थितीत नसली म्हणजे. कार्यशाळेत चर्चा चालू असताना एकाने विचारले, "सर, जुन्या विलीज जीपचे नळ्यांचे पूर्ण किट अमेरिकेत मिळते म्हणे. तेच मागवले तर?" प्रश्न चांगला होता, कारण आपली जीप त्याच घराण्यातली आहे. महिंद्रांनी विलीजच्या परवान्यावरच इथे जीपा बांधायला सुरुवात केली. पण तिकडची जीप डाव्या सुकाणूची आहे. तिचे पेडल डावीकडे, म्हणून मास्टर सिलिंडर डाव्या चॅसी-पट्टीजवळ आणि नळ्यांची सुरुवातही तिथूनच. आपल्या जीपचे सगळे उजवीकडे. नट, आटे, टोके सगळे जुळले असते, फक्त मुख्य नळी दुसऱ्या बाजूला जाऊन बसली असती. शिवाय लांब नळी पाठवताना खोक्यात मावावी म्हणून मध्ये दुमडतात, ती इथे आल्यावर पुन्हा सरळ करावी लागते. मग तिला तयार तरी कशी म्हणावी?

तयार नळीची आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. कारखान्यात आधी उघड्या चॅसीवर नळ्या बसवतात, मग वर बॉडी चढवतात. आपण बसवताना बॉडी जागेवरच असते. दोन मीटरची पाच-सहा वळणे असलेली नळी बॉडी आणि चॅसी यांच्या फटीतून घालणे म्हणजे छत्री उघडून दारातून आत येण्यासारखे आहे. अशा वेळी बसवणारा रागाने नळी वाकवतो, ती आत घालतो आणि पुन्हा सरळ करतो. पैसे तयार नळीचे गेले आणि काम हाताने वाकवलेल्याचे झाले.

मापाने करायची तर

मुख्य लांब नळी आम्ही मापाने करायची ठरवली. कामाचा क्रम लिहून ठेवा, परीक्षेत विचारू.

जुनी नळी फेकू नये. ती गंजलेली असली तरी नकाशा तीच आहे. आमच्या जुन्या नळीचा एक भाग आधीच बदललेला असल्याने तेवढ्या भागासाठी जाड जी.आय. तार चॅसीवर धरून आकार घेतला. आकार घेताना सायलेन्सरपासून, स्प्रिंगपासून आणि फिरणाऱ्या शाफ्टपासून अंतर ठेवले. गाडी रिकामी असताना मोकळी दिसणारी जागा आठ माणसे बसल्यावर मोकळी राहतेच असे नाही. हे मुलांना पटावे म्हणून वर्गातल्या दांडग्या मुलांना मागे बसवून दाखवले.

मग लांबीचा हिशेब. इथे भूमिती कामाला येते. नळी काटकोनात वळते तेव्हा ती कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येत नाही, कंसावरून जाते. वळणाची त्रिज्या १५ मिमी असेल तर कोपऱ्यापर्यंतच्या दोन बाजू मिळून ३० मिमी होतात, पण ९० अंशाचा कंस फक्त २३.६ मिमी भरतो. एका वळणात ६.४ मिमी वाचले, सहा वळणांत साधारण ३८ मिमी. बाजूंची नुसती बेरीज करून नळी कापली तर ती एवढी लांब होईल. लांब झालेली चालते, शेवटी कापता येते. आखूड झालेली मात्र भंगारात जाते. १५ मिमी ही त्रिज्या का घेतली? नळीच्या व्यासाच्या तिप्पटीपेक्षा कमी त्रिज्येत वळवली की ती आतून चपटी होते. वळवण्यासाठी बेंडर वापरावा. गुडघ्यावर वाकवणारे मेस्त्री आम्ही पाहिले आहेत, त्यांचे काम सुबकही असते, पण तो हात यायला वीस वर्षे लागतात.

आता टोके, म्हणजे फ्लेअर. आमचा सगळ्यांत जास्त वेळ इथे गेला. ब्रेकच्या नळीचे टोक नुसते कर्ण्यासारखे फुलवून चालत नाही, पातळ पोलादाच्या कडेला चिरा पडतात. कड एकदा फुलवून पुन्हा आत दुमडतात, त्याला डबल फ्लेअर म्हणतात. त्याचा कोन ४५ अंशांचा. बऱ्याच नव्या गाड्यांत याऐवजी फुग्यासारखे टोक असते, त्याला बबल फ्लेअर म्हणतात. ही दोन टोके एकमेकांच्या जागी बसत नाहीत. नट घट्ट होतो, बसल्यासारखे वाटते आणि चार दिवसांनी तिथून ऑइल पाझरते. टोक करण्याआधी नळीकटरने काटकोनात कापणे, कडेची बारीक खरड काढणे आणि आतली कीस हवेने फुंकून काढणे, यांतले काहीही गाळू नये. ती कीस व्हील सिलिंडरमध्ये गेली की रबरी कप फाडते. आमच्या मुलांनी पहिली टोके तुकड्यांवर करून पाहिली. भिंग लावून तपासली तेव्हा तिरकी आणि चिरलेली इतकी निघाली की एक डबा भरला. तो डबा कार्यशाळेत ठेवला आहे, पाहून घ्या.

आणि नट! दुसरे टोक फुलवण्याआधी दोन्ही नट नळीवर चढवलेले हवेत. हे प्रत्येकाला माहीत असते आणि प्रत्येक जण एकदा तरी विसरतो. आमच्यापैकीही एक जण विसरला, नाव सांगत नाही.

नटाच्या आट्यांबद्दल एक धोका ठळकपणे सांगायला हवा. इंची पद्धतीचा नट ३/८ इंचाचा, इंचाला २४ आटे. मेट्रिक पद्धतीचा नट १० मिमीचा, एका आट्याचे अंतर १ मिमी. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात. हिशेब केला तर इंची नट ९.५३ मिमीचा आणि त्याच्या आट्याचे अंतर १.०६ मिमी. त्यामुळे इंची नट मेट्रिक भोकात सैलसर जातो, थोडा आवळलाही जातो, आणि जोराचा ब्रेक दाबला की आटे सोलून बाहेर येतो. जुन्या जीपला कोणी नंतर दुसऱ्या गाडीचे भाग लावलेले असले तर हा गोंधळ हमखास असतो. म्हणून प्रत्येक नट व्हर्निअर कॅलिपर आणि पिच गेजने मोजावा. नुसते "बसतोय की" म्हणून भागत नाही.

धातू कोणता?

तांब्याची नळी मऊ, चकचकीत, हाताने वळते. म्हणूनच मोह होतो. पण तांबे सततच्या थरथरीने कडक होत जाते आणि मग चिरते. तुम्ही तांब्याची तार मागेपुढे वाकवून तोडली असेल, तेच तिथे हळूहळू होते. ब्रेकला शुद्ध तांबे नको आणि ॲल्युमिनियम तर नकोच. तांबे-निकेलच्या मिश्रधातूची, सुमारे ९० टक्के तांबे आणि १० टक्के निकेल असलेली, ब्रेकसाठी म्हणूनच बनवलेली नळी मिळते. ती गंजत नाही आणि वळतेही छान. (आजोबांच्या डब्यात जुनी रुपयाची नाणी असतील, त्यांतली काही याच घराण्यातल्या मिश्रधातूची आहेत.) स्टेनलेस स्टील टिकाऊ खरे, पण कडक, त्याचे टोक साध्या हत्याराने नीट होत नाही. आम्ही लेप दिलेली दुहेरी भिंतीची पोलादी नळीच घेतली. मूळ गाडीला तीच होती आणि मुलांनी तिच्यावरच शिकावे असे वाटले. आपल्याकडचा पाऊस पाहता दर पावसाळ्यानंतर ती पुसून तपासावी लागेल, ते काम दहावीच्या तुकडीकडे दिले आहे.

गंज आतूनही येतो हे विसरू नका. डॉट ३ आणि डॉट ४ ही ब्रेक ऑइले हवेतले पाणी शोषतात. डॉट ४ नवे असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. तेच ३.७ टक्के पाणी शोषल्यावर १५५ अंशांचीच हमी देते. घाटात ड्रम तापले की हा फरक कळतो.

डिझेलच्या नळ्यांचे काय?

आपल्या जीपला मुळात पेट्रोल इंजिन होते, पूर्वीच्या मालकाने डिझेल बसवले. त्यामुळे मूळ मॉडेलची तयार इंधन नळी इथे लागूच होत नाही. पंप दुसऱ्या बाजूला आहे आणि जादा डिझेल टाकीत परत नेणारी वेगळी नळीही लागते. ब्रेकच्या मानाने इथे दाब अगदी किरकोळ. टाकीपासून पंपापर्यंत खेचले जाणारे डिझेल एक बारच्याही खाली असते. ८ मिमीची नळी मापाने वळवून, टोकाला लहानसा उंचवटा काढून, त्यावर रबरी होज आणि क्लिप लावली की झाले. मात्र डिझेलमध्ये गळतीपेक्षा हवा शिरण्याचा त्रास जास्त. बाहेर थेंबही पडत नाही आणि इंजिन सकाळी चालू होत नाही. पेट्रोलच्या जुन्या गाड्या असलेल्या पालकांनी एक पाहावे. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विकले जाऊ लागले, आणि जुन्या प्रकारचे रबर त्यात मऊ पडून फुगते. होज बदलताना इथेनॉलला चालणारी मागून घ्यावी.

पंपापासून इंजेक्टरकडे जाणाऱ्या जाड भिंतीच्या नळ्या ही मात्र सर्वस्वी निराळी गोष्ट आहे. तिथे दाब शेकडो बारचा असतो, कॉमन रेल इंजिनात हजाराच्याही पुढे. सिलिंडर कितीही जवळ-लांब असले तरी त्या नळ्या बहुधा सारख्या लांबीच्या ठेवतात, म्हणून जवळच्या सिलिंडरच्या नळीला जास्त वळणे दिसतात. त्या कधीही हाताने करू नयेत, वाकवू नयेत, झाळू नयेत. त्या इंजिनाच्या तयार नळ्याच घ्यायच्या. आणि चालू इंजिनावर तिथली गळती बोटाने चाचपायची नाही. ती बारीक धार कातडीत शिरते.

शेवटी आम्ही काय केले?

दोन्ही केले. मागच्या ॲक्सलवर मधल्या टी-जोडापासून दोन चाकांकडे जाणारे आखूड तुकडे तयार आणले. ॲक्सल मूळचाच आहे, नळ्या उद्यमबागेतून सहज मिळाल्या आणि तंतोतंत बसल्या. मास्टर सिलिंडरपासून पुढे आणि मागे जाणाऱ्या लांब नळ्या मापाने वळवल्या. डिझेलच्या दोन्ही नळ्याही मापाच्या. इंजेक्टरच्या नळ्यांना हात लावला नाही, त्या चांगल्या होत्या. तिन्ही रबरी ब्रेक होज नवे घातले, कारण जुन्यांना वाकवल्यावर चिरा दिसत होत्या. साधारण दर फुटाला क्लिप आणि जिथे नळी पत्र्यातून जाते तिथे रबरी बांगडी. मधे एकही सांधा ठेवला नाही.

मग एअर काढली, मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करून. सगळे सांधे कोरडे पुसले, प्रत्येकाखाली वर्तमानपत्राचा तुकडा ठेवला आणि मामांनी पेडल जोरात दाबून घड्याळ लावून एक मिनिट धरले. पेडल खचते का, हे दोन मुले पाहत होती, बाकीची गाडीखाली कागद पाहत होती. पहिल्या वेळी पुढच्या टी-जोडापाशी एक ठिपका उमटला. नट आणखी आवळून भागते का पाहावे असे एकाने सुचवले. आम्ही नळी काढली. टोक किंचित तिरके झाले होते. ते कापून नवे केले आणि पुन्हा सगळा खटाटोप केला. दुसऱ्या वेळी कागद कोरडे राहिले. पुढचा महिनाभर जीप फक्त मैदानात आणि शाळेच्या रस्त्यावर फिरवली, रोज सकाळी ऑइलची पातळी लिहून ठेवली. मग पुन्हा चोर्ल्याला नेली. उतारावर मामा दुसऱ्या गिअरमध्येच होते, सवयीने.

स्वाध्याय

१) एका नळीला काटकोनाची आठ वळणे आहेत, प्रत्येकाची त्रिज्या २० मिमी. कोपऱ्याकोपऱ्यांतली अंतरे मिळून १४२० मिमी भरतात. प्रत्यक्षात किती लांब नळी लागेल? दोन टोकांसाठी १० मिमी जादा धरा.

२) वरच्या उदाहरणातल्या मास्टर सिलिंडरचा व्यास एक इंचाऐवजी पाऊण इंच केला तर पायाच्या त्याच जोराला दाब किती येईल? पेडल जास्त खाली जाईल की कमी, आणि का?

३) घरच्या मोठ्यांना बरोबर घेऊन, गाडी सपाट जागी उभी असताना आणि इंजिन थंड असताना, पुढच्या चाकामागे दिसणारी रबरी ब्रेक होज टॉर्चने पाहा. चिरा, ओल किंवा घासल्याची खूण दिसली तर हात न लावता वहीत चित्र काढून कार्यशाळेत आणा.

उत्तरे शनिवारच्या तासाला तपासली जातील. चिरक्या टोकांचा डबा त्याच वेळी पाहायला मिळेल.